सिस्टरच्या एकतीस फळ्या

हे लिहायचा अधिकार मला आहे की नाही, ते अजून माझं मलाच ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील सही करतात तेव्हा जीभ दातांत धरून करतात आणि आई अंगठ्याच्या जागी सही शिकली ती मी आठवीत असताना, माझ्याच पाटीवर. एखाद्या माणसावर लिहायचं तर तो माणूस आपल्याला पूर्ण कळलेला असावा, असं आमच्या मराठीच्या बाई वर्गात सांगायच्या. सिस्टर मला पूर्ण कळल्या असं मी म्हणणार नाही. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्याची लाकडी जमीन मात्र मला फळी न् फळी कळली. म्हणून जमिनीवरूनच सुरुवात करतो. कुठे चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

सिस्टर म्हणजे माझी घरमालकीण. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी अख्खा कारापूर गाव त्यांना सिस्टरच म्हणायचा. लग्न केलं नव्हतं. घर त्यांच्या आणि धाकट्या भावाच्या नावावर होतं. भाऊ वास्कोला नोकरीला. खाली सिस्टर राहायच्या आणि वरची खोली कॉलेजच्या एखाद्या मुलाला द्यायच्या. माझं गाव कोरगाव, पेडण्यातलं. तिथून कॉलेजला रोज यायचं म्हणजे तीन बसगाड्या बदलायच्या, आणि तिसरी मिळेल याची खात्री नाही. ती खोली मिळाली नसती तर मी पहिल्याच वर्षी कॉलेज सोडलं असतं, हे मी आता उघड लिहितो. तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

सिस्टर माणसांना नावाने हाक मारत नसत. दवाखान्यात पेशंटांची इतकी नावं लक्षात ठेवावी लागली की आता डोक्यात जागा उरली नाही, असं त्या म्हणायच्या. त्या प्रत्येकाला त्याच्या गावाने हाक मारत. त्यामुळे मी ‘कोरगाव’ झालो. सुतारकामाला येणारे मेस्त्री बांद्याचे होते, ते ‘बांदा’. भाऊ मात्र वास्को नव्हता. त्याला त्या ‘बाबू’ म्हणत, आणि तो साठीला आला होता.

मी राहायला गेलो तो जून महिना होता. आमच्या घरात शेणाने सारवलेली जमीन. लाकडाच्या जमिनीवर मी त्याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. खाली कुणी माणूस राहतंय आणि आपण त्याच्या डोक्यावर चालतोय, ही कल्पनाच मला अवघड वाटायची. मी चवड्यांवर चालायचो. जमीन काही बोलायची नाही, तेव्हा मला वाटायचं की माझ्या सावधपणाचाच हा गुण. पण दिवाळी झाली, हवा कोरडी झाली आणि फळ्यांना कंठ फुटला. आधी दाराजवळची एक. मग खिडकीखालच्या दोन. शिमग्यापर्यंत अशी वेळ आली की मी पाणी प्यायला उठलो तरी खालच्या माणसाला माझा मार्ग सांगता यावा.

एक दिवस मी असाच चवड्यांवर चालत होतो, तर सिस्टर जिन्यात उभ्या. हातात स्टेथोस्कोप.

“काय रे कोरगाव, चोरी करूक जातंस?”

“नाही सिस्टर. आवाज होऊ नये म्हणून.”

“पेशंट कण्हता म्हणान तेच्या तोंडार हात धरूचो? चल जोरात. टाचेर भार दी. आजार खंय असा ता माका कळूक होया.”

मी जोरात चाललो. फळ्या ओरडल्या. सिस्टर गुडघ्यांवर बसल्या, स्टेथोस्कोप कानाला लावून दुसरं टोक फळीवर ठेवलं आणि डोळे मिटले. मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा पाहून मी ते गिळलं.

त्यांच्या हिशेबाने फळ्यांचे आजार तीन. ‘दात खाणारी’ म्हणजे शेजारच्या फळीला कडेने घासणारी. तिच्या फटीत त्या बाळांना लावायची पावडर भरायच्या, पोस्टकार्डाच्या कडेने आत ढकलून. ‘खोकणारी’ म्हणजे खालच्या तुळईवर नीट न बसलेली. पाय पडला की ती खाली आपटते आणि उचलला की वर येते. तिला खालून लाकडाची पातळ पाचर. आणि ‘कण्हणारी’ म्हणजे जिचा जुना खिळा सैल झालाय आणि फळी त्या खिळ्यावर वरखाली होतेय. तिचा खिळा उपटायचा आणि जवळच पितळी स्क्रू बसवायचा. लोखंडी नाही, ते आमच्या दमट हवेत गंजतात आणि पुन्हा सैल होतात. फळ्या फणसाच्या, तुळया मट्टीच्या, म्हणजे ऐनाच्या. प्रत्येक फळीला खडूने नंबर घातलेला होता, एक ते एकतीस.

“लाकूड वायट नाय,” त्या म्हणायच्या. “धरणारो वायट. खिळो घट्ट असलो तर फळी कशाक बोलतली?”

तपासणीला वजनदार माणूस लागायचा. मी सडपातळ. मग सिस्टर येणाऱ्या-जाणाऱ्यांना वर बोलवायच्या. पोस्टमन एकदा चालून गेला. दुधवाली चालून गेली, लाजत लाजत. सगळ्यात लक्षात राहिला तो गॅसवाला. खांद्यावर भरलेला सिलिंडर घेऊन दारात उभा, आणि सिस्टर म्हणतात, “वर चल.”

“सिस्टर, चूल खाली ना? माका वर कशाक?”

“चूल खालीच असा. तू सिलिंडर खांद्यार घेवन जनेलापासून दारापर्यंत चाल. दोनदा.”

“पडलंय तर?”

“पडलंस तर मी असंय. तीस वर्सां पट्टे बांधलंय.”

तो खिडकीपासून दारापर्यंत चालला बिचारा. घाम पुसत चहा प्याला आणि जाताना मला हळूच म्हणाला, “म्हातारी बरी असा ना रे?” मी काय सांगणार? मी वहीत लिहीत होतो: नंबर एकोणीस, सिलिंडरसह, कण्हते.

हे सगळं गमतीचं वाटेल, पण त्याच्यामागे एक मुदत होती. त्याच उन्हाळ्यात भाऊ दोन दिवस येऊन राहिला होता. खाली झोपायचा, आणि वर मी. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता त्याने सांगून टाकलं, “अक्का, डोक्यावर बैल चालतोय असं वाटतं. रिटायर होऊन मी इथेच यायचा आहे. असल्या आवाजाखाली मला झोप लागणार नाही. वरचं सगळं काढून टाकू आणि स्लॅब घालू. चतुर्थीला येतो तेव्हा ठरवू.”

तो बैल मी. मी चहाचा कप तसाच ठेवला. वरचं काढणार म्हणजे माझी खोली जाणार, हे मला लगेच कळलं. भाऊ गेल्यावर सिस्टरनी कपाटातून पितळी स्क्रूंची पुडी काढली आणि म्हणाल्या, “चल. पहिल्या नंबरापासून.”

आम्ही लागलो. पण मग पाऊस लागला आणि आठवड्याभरात जमीन आपोआप गप्प झाली. लाकूड पाणी पिऊन फुगतं, फटी बुजतात, खिळे आवळले जातात. ज्या फळ्यांना आम्ही हातही लावला नव्हता त्याही मुक्या. मला आनंद झाला. चतुर्थी येते ती भर पावसात. भाऊ येणार, चालून बघणार, आवाज नाही, विषय संपला. मी ही युक्ती सिस्टरना सांगितली तेव्हा मला वाटलं त्या माझी पाठ थोपटतील.

त्यांनी चष्मा काढला. “तू काय शिकतंस रे कॉलेजात?”

“बी.ए., सिस्टर.”

“ताप उतरूची गोळी देवन पेशंटाक भायर काढूचो आणि सांगूचा की बरो झालो. ह्या शिकयतत थंय?”

तेव्हा मला त्यांचा राग आला होता, हे मी कबूल करतो. त्यांचं घर राहणारच होतं, कसंही. जायची होती ती माझी खोली. खरेपणा त्यांना परवडत होता, मला नाही, असं मला वाटलं.

चतुर्थीला भाऊ आला. आरती झाली, जेवणं झाली आणि तो वर आला. चालला, थांबला, मुद्दाम उडी मारली. काही नाही. “अक्का, कमाल केलीस!” तो म्हणाला. “आता कसला स्लॅब?” मी भिंतीला टेकून उभा होतो, आणि मनातल्या मनात देवाला सांगत होतो की यांचं तोंड एवढं पाच मिनिटं बंद ठेव.

“कमाल पावसाची,” सिस्टर म्हणाल्या. “पावसात सगळीच गप्प रवतत. अर्ध्या फळ्यांक आम्ही हात लावूक नाय. वैशाखात ये. तेव्हा बघ.”

भाऊ हसायला लागला. “अगे, तू तुझ्याच विरुद्ध साक्ष देतंस!”

“साक्ष ती साक्ष.”

“बरं. वैशाखात येतो. पण मग एक फळी जरी वाजली तरी स्लॅब. कबूल?”

“एक जरी वाजली तरी. कबूल.”

त्या संध्याकाळी मी खोलीत बसून माझी पुस्तकं ट्रंकेत भरली आणि परत काढली. कशासाठी, मला सांगता येणार नाही.

आता माझी चूक लिहायला हवी. ती लिहिताना अजून लाज वाटते. दिवाळीनंतर फळ्या पुन्हा बोलू लागल्या तेव्हा मी ठरवलं की आपणही काही करायचं. आमच्या कोरगावात काजूच्या बियांच्या सालीचं तेल काढतात. काळं, जाड. छपराच्या वाशांना लावलं की वाळवी लागत नाही. लाकडाला चांगलं म्हणजे फळीलाही चांगलं, आणि तेल म्हणजे करकर जाणार, इतका साधा हिशेब मी केला. सिस्टर दुपारी आडव्या झाल्या होत्या. मी गावाहून आणलेली बाटली काढली आणि खिडकीपासून एका एका फटीत ओतत गेलो. अकरा फळ्या झाल्या. आवाज खरंच कमी झाला. मी खूश.

वाशावरचं तेल थेंबाने खाली पडलं तर खाली सारवलेली जमीन असते. इथे खाली सिस्टरची खाट होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

खालून हाक आली. ओरडणं नव्हतं, नुसती हाक. “कोरगाव, खाली ये. वाटेत कशाक हात लावू नको.” मी गेलो तर त्या हाताला राख चोळून धुवत होत्या. मनगटापासून कोपरापर्यंत काळे ओघळ, आणि कातडी लाल. काजूचं तेल अंगाला लागलं की भाजल्यासारखे फोड येतात. आमच्याकडची लहान पोरंही हे जाणतात. मी जाणत नव्हतो असं नाही. मी विसरलो होतो.

“काजूचा तेल,” त्या म्हणाल्या. “दर हंगामाक असले हात माझ्याकडे येयत. आज माझोच इलो.”

मी रडलो. वीस वर्षांचा मुलगा रडतोय हे बघून त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतःचा भाजलेला हात बाजूला धरून दुसऱ्या हाताने मला पाणी दिलं. मी म्हणालो, मी खोली सोडतो.

“खोली सोडतलंस? आणि त्यो अकरा फळ्यो पुसतलो कोण?”

फोड फुटून कातडी वाळायला दोन आठवडे गेले. तोवर मी त्यांच्या सांगण्यावरून, हातांना खोबरेल चोळून आणि त्यावर रबरी मोजे चढवून, अकराही फळ्या उचलल्या आणि राखेने घासून उन्हात टाकल्या. सिस्टर दारात बसून सांगायच्या. अकरावी फळी उचलली तेव्हा मला पावसाच्या बाजूच्या भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक दिसलं. मी बोट लावलं तर बोट आत गेलं. भिजलेल्या पावासारखं. सिस्टर उठून आल्या, वाकल्या आणि त्यांनीही बोट लावून पाहिलं.

“बघ,” त्या म्हणाल्या. “आजार हाडाचो, आणि आम्ही कातडेक पावडर लावी होतो.”

मला वाटलं आता त्या हरल्या. मेस्त्रींनाही तसंच वाटलं. त्यांनी तुळई ठोकून पाहिली आणि डोकं हलवलं. “सिस्टर, आयका माझा. ह्या सगळा काढा आणि बाबू म्हणतो तसो स्लॅब घाला. आता असली कामां कोण करता?”

“बांदा, तुझ्या बायलेचो पाय मोडललो तेव्हा मी काय सांगितलंय? पाय काढून टाक म्हणान?”

दुसऱ्या दिवशी मेस्त्री मट्टीचा ओंडका घेऊन आले. कुजलेलं टोक कापलं, नव्या लाकडाचा तुकडा जुन्यात खाचा पाडून बसवला, दोन बोल्ट आवळले आणि भिंतीत त्याच्याखाली दगड दिला. तुळई वर उचलली गेली तशा त्या बाजूच्या फळ्या जागच्या जागी गप्प झाल्या, अजून एकही स्क्रू न लावता. मेस्त्री स्वतःच चकित होऊन त्यांच्यावर नाचले. सिस्टरनी त्यांना थांबवलं नाही.

त्यानंतर मार्चपर्यंत मी रोज कॉलेजातून आल्यावर तासभर स्क्रू फिरवत होतो. हाताला घट्टे पडले. वर्गात उत्तर द्यायला हात वर करायची मला भीती वाटायची, ती हळूहळू कमी झाली. त्याचा आणि फळ्यांचा काही संबंध आहे असा माझा दावा नाही. पण दोन्ही त्याच महिन्यांत झालं, म्हणून लिहिलं.

परीक्षा संपली आणि मी म्हणालो, वैशाखापर्यंत थांबतो. सिस्टरनी हाकलून दिलं. “आवशीबापाशीक काजी पुंजावूक हात नाय आणि तू हंय फळ्यो पुंजावतंस? जा. परीक्षा माझी असा. तू तुझी दिलंस.”

मी काजू वेचायला आईवडिलांकडे कोरगावला आलो. काजूच्या बागेत फोनला रेंज नसते. दिवसभर बिया गोळा करायच्या, बोंडं वेगळी करायची, आणि मनात एकतीस आकडे मोजायचे. मी सिस्टरना फोन करत नव्हतो. विचारायची हिंमत नव्हती, हे खरं कारण.

एका संध्याकाळी बियांची पाटी घेऊन डांबरी रस्त्याला आलो आणि खिशातल्या फोनवर एकापाठोपाठ मेसेज वाजू लागले. अनोळखी नंबरावरून चौदा कॉल येऊन गेलेले. मी लावला.

“तू कोरगाव ना रे?” पुरुषाचा आवाज. “मी सिस्टरचा भाऊ. सकाळपासून लावतोय.”

“सिस्टर बऱ्या आहेत ना?”

“तिला काय धाड भरलीय! मला बरं नाही. ऐक. सकाळी कॉन्ट्रॅक्टरला घेऊन आलो. तो माझ्या दुप्पट आहे. आम्ही दोघे सगळीकडे चाललो. आवाज नाही. मी म्हटलं, अक्का, जिंकलीस. तर ही म्हणते, थांब. मला भिंतीजवळ नेलं आणि एका पायावर उभं केलं. तेव्हा एक फळी वाजली. एवढीशी. मुंगी शिंकल्यासारखी.”

“मग?”

“मग काय, एक जरी वाजली तरी स्लॅब, असं ठरलेलं. मी म्हटलं, अगे, सोड. कॉन्ट्रॅक्टरला मी घरी पाठवून दिला. मला हीच जमीन चालेल म्हणून सांगितलं. तर म्हणते, दया नको. शब्द तो शब्द. आणि स्क्रू काढायला बसली! म्हणते, माझ्या हाताने काढीन, कुणी पहारीने फोडायला नको. सहा फळ्या काढून झाल्या.”

मी पाटी रस्त्याच्या कडेला ठेवली.

“सातवीवर मी बसलोय,” तो म्हणाला. “अकरा वाजल्यापासून. उठलो की ती काढणार. जेवणाचं ताट इथेच आणून दिलं तिने, बांगड्याची कढी आणि भात. भांडण आहे पण उपाशी ठेवणार नाही. माझे गुडघे गेले रे. ती माझं ऐकत नाही. म्हणते, खोली भाडेकरूची आहे, त्याला काय हवं ते त्याने सांगावं. आता तूच सांग काय ते.”

“त्यांना फोन द्या,” मी म्हणालो.

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मग त्यांचा श्वास. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मग मी माझ्या आयुष्यात बोललो नसेन इतक्या मोठ्याने बोललो.

“सिस्टर, ती खोली माझी असा. माका ती जमीन होया. एक फळी बरी होवची रवली म्हणान तीस फळ्यांक घराभायर काढूचा, ह्या खंयच्या दवाखान्यात करतत? फळ्यो परत लावा. त्या एका फळयेक पुढल्या वैशाखापर्यंत मुदत द्या. दया नको. मुदत.”

पलीकडे स्क्रूड्रायव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला.

“सकाळच्या बसगाडयेन ये,” सिस्टर म्हणाल्या. “सहा फळ्यो परत लावूच्यो असत. माझ्या एकटेच्या हातान होवचा नाय.”

आणि फोन बंद व्हायच्या आत मागून भावाचा आवाज आला, “अक्का, मग मी आता उठू?”